झुलालच्या नावाचा गहू

सोमवारी सकाळी प्रमिलाबाईंनी टोपलीवरचं ओलं फडकं उचललं, आत पाहिलं आणि फडकं पुन्हा होतं तसं ठेवून दिलं. रात्रीतून रोट थोडे कमी झाले असतील अशी त्यांना उगाच आशा होती. पण कमी कसे होणार? उंदीरही कुळाबाहेरचे.

"कितला शेत?" चुलीपाशी बसलेल्या थोरल्या जाऊ यशोदाअक्कांनी विचारलं.

"काल सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्ले, त्याच्या दुप्पट अजून आहेत."

अक्कांनी दुधाखालचा जाळ जरा मागे ओढला.

देवघरासमोर केळीच्या खांबांत कानबाई बसली होती. नारळाला नथ, डोळे, मळवट, हिरवं लुगडं, आणि कालच्या आरतीचा कापूर अजून घमघमत होता. श्रावणातल्या त्या रविवारी खानदेशात घरोघर हेच चित्र. घरातल्या दर पुरुषाच्या नावाने गहू मोजायचा, दळायचा, त्याचे जाड रोट करायचे आणि ते कुळाच्या माणसांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, उंबरठ्याबाहेर न्यायचा नाही. इतरांकडे पौर्णिमेपर्यंत संपवले तरी चालतं. अक्कांचे यजमान, धुळ्याचे हिलाल नाना, यांच्या घराण्यात मात्र सोमवारी कानबाई विसर्जनाला उठायच्या आत टोपली पालथी पडली पाहिजे. इतरांकडे माणशी सव्वा मूठ गहू, इथे सव्वा पावशेर. कुठल्यातरी खापरपणजोबाने ऐटीत लावलेलं हे माप. त्याचं पोट मोठं होतं म्हणतात. ते पोट वारशात एकालाच मिळालं, नानांच्या धाकट्या भावाला, झुलालला, आणि नेमकी त्यालाच तीन वर्षांपासून या घरात बंदी होती.

"काल किती जेवले हे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हे" म्हणजे त्यांचे यजमान छगनभाऊ, नानांचे मधले भाऊ, चाळीसगावचे किराणा दुकानदार. "फुकटचं म्हणून जेवले. रात्रभर कुशीवर वळता येत नव्हतं. तुमचा रतिलाल तर तिसऱ्या रोटाला रडायला आला. आणि आमचा सुकदेव, कॉलेजात जातो, कुस्ती खेळतो म्हणे, त्याने ताटावरून उठून सरळ हात जोडले."

"गहू जास्तीना व्हयना," कोपऱ्यातून धुरपदाआत्या म्हणाल्या. त्या नानांची बहीण. नवरा गेल्यापासून माहेरीच असत. लेक दिलेल्या घरची, म्हणून त्यांना माहेरचा रोट चालत नसे, आणि त्यामुळे कालपासून या सगळ्या संकटाकडे त्या फार शांतपणे पाहत होत्या.

"जास्तीचा झाला, पण कसा?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "हे म्हणतात, चक्कीवाल्याने दुसऱ्याचं पीठ आपल्यात टाकलं. मी म्हटलं, तुम्ही दुकानदार असून असं म्हणता? जास्तीचं देणारा माणूस तुम्ही उभ्या जन्मात पाहिलाय का?"

अक्का दुधाकडे पाहत होत्या. दूध उतू जायला आलं तरी पाहतच राहिल्या. मग पदराने पातेलं उतरवून त्या म्हणाल्या, "मी टाका व्हता. झुलालना नावना. त्याना तीन पोऱ्यासना बी. नाना मंदिरमा गयतात, तव्हय."

धुरपदाआत्यांच्या हातातली वात खाली पडली.

"माय वं! मी बी टाका ना!"

दोघींनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. प्रमिलाबाईंनी टोपलीकडे पाहिलं.

"मीसुद्धा," त्या म्हणाल्या.

असा प्रकार होता तर. तीन बायकांनी, तीन वेगळ्या वेळी, एकमेकींपासून लपवून, एकाच माणसाच्या घरचा गहू तीनदा मोजला होता. कणीक भिजवताना परात भरून वाहिली, तेव्हा प्रत्येकीला वाटलं की हे वाढलेलं आपलंच आहे, म्हणून एकीनेही तोंड उघडलं नाही. पापाची गंमत अशी की ते करताना माणूस साथीदार शोधतो. पुण्य मात्र एकट्यानेच लाटायचं असतं. पाप केलं असतं तर तिघींनी आधी विचारविनिमय केला असता आणि गहू बेताचा झाला असता.

अक्कांचं समजण्यासारखं होतं. सासू गेली तेव्हा झुलाल पाच वर्षांचा. अक्कांनीच त्याला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. धुरपदाआत्यांचंही समजण्यासारखं. ज्या पुण्याचा भार दुसऱ्याच्या पोटावर पडतो ते करायला माणसाचं काय जातं? राहिल्या प्रमिलाबाई. त्यांनी आपल्या मनाशी याला मोठेपणा असं नाव दिलं होतं. श्रावण आला की त्यांना झुलालविषयी काहीतरी टोचायचं, आणि टोचणीला चांगलंसं नाव दिलं की ती दुखेनाशी होते, हा त्यांचा अनुभव होता.

कारण झुलालचं नाव पहिल्यांदा त्यांनीच घेतलं होतं.

तीन वर्षांपूर्वी नानांच्या लेकीचं, बेबाचं लग्न झालं. अक्कांच्या माहेराहून, पाचोऱ्याहून, मानाचा डबा आला होता. डिंकाचे लाडू, वर तांबडं फडकं, फडक्याला गाठ. तो इथे कोणी उघडायचा नव्हता. तो नवरीबरोबर जायचा आणि तिच्या सासूने चार बायकांत सोडायचा, अशी रीत. सासूने सोडला. आत एक लाडू होता, आणि चुरा. शिरपूरला, तिच्या सासरी, जे हसू झालं ते धुळ्यापर्यंत ऐकू आलं. नानांनी सगळ्यांना ओसरीवर उभं केलं आणि विचारलं, कोणी खाल्ले? तेव्हा प्रमिलाबाई म्हणाल्या होत्या, "आता यात विचारायचं काय आहे? भरल्या पंगतीत दोन वेळा वाढून घेणारा या घरात एकच माणूस."

सगळ्यांनी झुलालकडे पाहिलं. झुलालने एकदा प्रमिलाबाईंकडे पाहिलं, एकदा नानांकडे, आणि मान खाली घातली. "आजपासून याच्या नावाचा गहू या घरात मोजायचा नाही," असं नाना म्हणाले, आणि झुलाल बायकोपोरांना घेऊन जामनेरला निघून गेला.

माणूस ओळखावा तो प्रमिलाबाईंनी, असं चाळीसगावात म्हणत. निदान प्रमिलाबाई तरी म्हणत. त्यांची मतं पक्की होती. जो पंगतीत हावरट तो सगळीकडे हावरट. जो गोडाला जिंकतो तो जगाला जिंकतो. आणि गोडाला जिंकलेला माणूस त्यांच्या घरातच होता, हिलाल नाना. नानांनी एका कीर्तनानंतर गोड सोडलं त्याला दहा वर्षं झाली होती. बिनसाखरेचा चहा, बिनगुळाची पुरणपोळी. त्यांचा त्याग इतका साधा होता की तो धुळ्यातल्या अख्ख्या देवपुराला ठाऊक होता. लग्नात पहिलं ताट नानांपुढे यायचं, नाना जिलबीवर हात आडवा धरायचे, आणि मग पंगतभर कुजबुज व्हायची. त्या कुजबुजीची गोडी जिलबीला कुठली! नानांच्या कोटाच्या खिशाला मुंग्या लागत, हे प्रमिलाबाईंनीच पाहिलं होतं. सज्जन माणसाच्या अंगालाच गोडवा असतो, असं त्या तेव्हा कौतुकाने म्हणाल्या होत्या.

"आता काय करायचं?" धुरपदाआत्यांनी विचारलं.

"सांगनं पडी," अक्का म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

*

ओसरीवर पुरुषमंडळी पडली होती. रतिलाल भिंतीला पाय लावून, सुकदेव पालथा. छगनभाऊ आरामखुर्चीत ओव्याचं पाणी घोटघोट घेत होते. नाना एकटे ताठ बसले होते. त्यांनी काल अर्धाच रोट खाल्ला होता, तोही नुसत्या दुधाशी. संयमी माणसाला एक बरं असतं, संकट आलं की त्याचा वाटा आपोआप लहान होतो.

अक्कांनी सगळं सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे माझा शब्द या घरात तीनदा मोडला," ते म्हणाले.

"नाना, आधी रोटांचं बघू," छगनभाऊ घाईने म्हणाले. "शब्दाचं नंतर. मी म्हणतो, गाईला घातले तर?"

"गाय काय आपला कुळनी शे?" धुरपदाआत्या कडाडल्या.

"बरं, मग पुरून टाकू. थोडे. अगदी थोडे."

"आबा, कानबाई बघते आहे," सुकदेव जमिनीत तोंड खुपसून म्हणाला.

छगनभाऊंना लोक चिक्कू म्हणत. ते स्वतःला विचारी म्हणत. पण आज विचार करकरूनसुद्धा स्वस्तातला मार्ग दिसत नव्हता. सूर्य वर येत होता. गल्लीत दुसऱ्यांच्या कानबाया निघायला लागल्या होत्या, डफ वाजत होता, बायका फुगड्या घालत होत्या. शेजारच्या वच्छलाबाई दारातून डोकावून "तुमचं निघालं का हो?" असं विचारून गेल्या आणि उत्तराची वाट न पाहता चार घरी सांगायला गेल्या.

"खाणारा एकच शे," अक्का म्हणाल्या. "त्याले बलावा."

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही," नाना म्हणाले.

यशोदाअक्कांनी या घरात पस्तीस वर्षं संसार केला होता. त्या नानांपुढे बोलल्या नव्हत्या असं नाही, पण त्यांचं बोलणं "चहा ठेऊ का?" या जातीचं असायचं. आज त्या देवघराकडे गेल्या, कानबाईपुढे डोकं टेकलं, आणि परत येऊन ओसरीच्या खांबाला पाठ लावून खाली बसल्या. पाय सरळ पसरले. नानांसमोर पाय पसरलेले प्रमिलाबाईंनी पहिल्यांदाच पाहिले.

"मग माउली आठेच ऱ्हाई," अक्का म्हणाल्या. "डोकावर मी लेस ना तिले? मी नही उचलाव. तुम्ही उचला."

ओसरीवर कोणी हलेना. कानबाई घरच्या थोरल्या सुनेच्या डोक्यावरूनच जाते, पुरुषाचं ते काम नव्हे. आणि सोमवार टळून कानबाई घरात राहिली, असं उभ्या धुळे जिल्ह्यात कधी कोणाकडे झालं नव्हतं. नानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाहेर वच्छलाबाईंचा आवाज दोन घरं पुढे गेलेला ऐकू येत होता, आणि मला वाटतं शेवटी त्या आवाजानेच काम केलं.

"ज्याला बोलवायचं त्याला बोलवा," नाना म्हणाले. "मी पाहणार नाही." आणि त्यांनी खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"पण जामनेरहून तो येणार कधी?" छगनभाऊ म्हणाले. "एस्टीने संध्याकाळ होईल."

"तो गावमाच शे," अक्का शांतपणे म्हणाल्या. "दर साल येस. पोऱ्यासले लिसन. जीवरामना घर ऱ्हास, आनि माउली नदीवर जास तव्हय पुलवर उभा ऱ्हास. दुरथून पाया पडस."

"तुम्हाला काय माहीत?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"माले दिसस," अक्का म्हणाल्या. "डोकावर माउली ऱ्हास, म्हनीसन मान हालत नही. पन माले दिसस."

*

बोलवायला प्रमिलाबाईंना पाठवलं. त्यांच्या जिभेवर सगळ्यांचा विश्वास होता. लूना सुकदेव चालवणार होता, पण त्याला वाकवेना, म्हणून त्या रिक्षाने गेल्या.

जीवरामचं चहाचं दुकान एस्टी स्टँडसमोर होतं. मागच्या खोलीत झुलाल खाटेवर बसला होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी, कपाळाला गंध. तिन्ही पोरं शेजारी, न्हाऊन, नवे कपडे घालून. तिघंही बापाच्या मापाचे. प्रमिलाबाईंना पाहून झुलाल उभा राहिला तशी खाट सुटल्यासारखी करकरली.

"वहिनी? अक्का बरी आहे ना?"

"बरी आहे. तुम्हाला बोलावलंय."

"नानानी बलावं का?"

प्रमिलाबाईंना खोटं बोलायचं होतं. त्यांनी तशी तयारीही केली होती. पण चौघांचे ते धुतलेले चेहरे बघून ऐन वेळी जमलं नाही.

"नाही. नाना भिंतीकडे तोंड करून बसलेत. पण रोट उरलेत, भाऊजी. टोपलीभर. कोणाच्याने संपेनात. माउली अडलीय."

झुलाल पुन्हा खाली बसला. "दुसऱ्यांच्या नावाचे रोट मी कसे खाऊ? मी मोजणीत नाही. बिनमोजलेल्या माणसाने खाल्ला तर बाहेरच्याने खाल्ल्यासारखंच ते."

"तुमच्या नावाचेच आहेत."

"कोनी मोजा?"

"अक्कांनी मोजला," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि पुढचं सांगताना त्यांना स्वतःचंच हसू यायला लागलं. "आत्यांनीही मोजला. आणि मीही. तुमचा आणि पोरांचा, तिघींनी. तुम्ही नव्हता तर तुमचा गहू तिप्पट झाला."

झुलालने टोपी काढली, तोंडावर धरली, आणि हा एवढा आडवा माणूस जीवरामच्या खाटेवर लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. पोरं घाबरली. जीवराम कप विसळायचा थांबला. प्रमिलाबाईंनाही डोळ्यांना पदर लावावा लागला, आणि डोळे पुसता पुसता त्यांना वाटलं, आता मोठ्या मनाने एवढं बोलून टाकावं.

"जाऊ द्या, भाऊजी. डब्याचं आम्ही कधीच मनातून काढलं. माणसाच्या हातून होतं. खाण्याचा मोह—"

झुलालने टोपी खाली घेतली आणि त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "डबाना विषय तुम्ही नका काढू. कोनी बी काढो. तुम्ही नका."

प्रमिलाबाईंना ते लागलं. आपण पुढे केलेला हात झटकला म्हणून लागलं. मनात कुठेतरी आणखीही काही हललं, पण रिक्षावाला बाहेर भोंगा वाजवत होता आणि तिकडे माउली अडली होती.

"कितला शेत?" दारातून निघताना झुलालने विचारलं. त्याचा आवाज आता निराळा होता.

"तुम्हाला पुरतील," प्रमिलाबाई म्हणाल्या.

*

पंगत बसली. एका ओळीला झुलाल आणि त्याची पोरं, समोर बाकीचे, आणि भिंतीकडे तोंड करून नाना. अक्कांनी झुलालला ओवाळलं नाही, नुसतं त्याच्या ताटात दूध ओतत राहिल्या. दूध ताटाबाहेर गेलं तेव्हा धुरपदाआत्यांनी त्यांचा हात धरला.

मग झुलाल जेवला.

जेवणं पुष्कळांची पाहिली असतील, पण हे जेवण पाहायला पुण्य लागतं. रोट दुधात मोडायचा, त्यावर गूळ, त्यावर तुपाची धार, चार घासांत संपवायचा, मधूनच गंगाफळाची, लाल भोपळ्याची, भाजी, पुन्हा रोट. घाई नाही, हावरेपणा नाही. तोंडावर पोथी ऐकणाऱ्याचा भाव. पोरंही त्याच वळणाची. रतिलाल उठून बसला. छगनभाऊंनी ओव्याचं पाणी खाली ठेवलं आणि ते कौतुकाने पाहू लागले. तीन वर्षं याच माणसाला ते खादाड म्हणत होते, आणि आता प्रत्येक रोटागणिक "वा! वा भाऊ!" म्हणत होते. दुर्गुणसुद्धा असाच असतो, आपल्या कामी आला की लगेच त्याला कला म्हणायचं.

टोपली रिकामी होत आली. तळाला एक रोट राहिला. अक्कांनी तो झुलालच्या ताटाकडे नेला. झुलालने हात आडवा धरला.

"बस. पोट भरनं."

हे शब्द झुलालच्या तोंडून या घरात कोणी ऐकले नव्हते, त्याच्या लग्नातसुद्धा नाही.

"अहो भाऊजी, एकच तर आहे!" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"तो मना नही शे."

पोरांना विचारलं. पोरांनी बापाकडे पाहिलं आणि माना हलवल्या. डफवाले दारात येऊन उभे राहिले होते. वच्छलाबाई आता उघडच आत आल्या होत्या. आणि त्या एका रोटासाठी सगळं अडलं होतं.

"मग कोणाचा आहे?" छगनभाऊ वैतागून म्हणाले.

झुलालने तो रोट आपल्या ताटात घेतला, बारीक कुस्करला, त्यात मुठीएवढा गूळ फोडून घातला, वर तूप सोडलं, आणि सगळं हाताने कालवून मलिदा केला आणि वाटीत भरला. घरभर गूळ-तुपाचा वास सुटला. मग तो वाटी घेऊन उठला आणि भिंतीकडे गेला. वाटी नानांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या पायाशी बसला.

"अरे, त्यांचं गोड सोडलेलं आहे!" प्रमिलाबाई ओरडल्या.

नानांची पाठ हलत नव्हती. मग मान खाली गेली. वास त्यांच्या नाकापर्यंत पोचला असणार. आणि नानांचा हात हळूच वाटीत गेला. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्यानंतर त्यांनी बसल्या बसल्या खुर्ची वळवली. मिशीला तूप लागलं होतं.

"गोड मी चारचौघांत सोडलं होतं," ते म्हणाले. "एकट्यात नाही."

त्यांनी बोटाला लागलेला गूळ चाटला.

"तो डबा मी सोडला होता. झुलाल्या, तू पाहिलंस मला. गाठ मारत होतो तेव्हा. आणि तरी तू तीन वर्षं... अरे, बोलला का नाहीस गाढवा?"

"कसं बोलू?" झुलाल म्हणाला. "तुम्ही बाहेर पडलात, मी आत गयथू. उरेल मी खादात. शप्पथ. आनि तुम्हनं नाव जिल्हामा शे, मनं फक्त पंगतमा. एक नाव बुडवनं व्हतं, तर स्वस्तनं बुडवं."

अक्का एवढा वेळ तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं की रडू, ते कळत नव्हतं. नानांनी झुलालच्या डोक्यावर हात ठेवला, गुळाचा हात, टोपीला डाग पडला. धुरपदाआत्यांनी डोळे पुसले. प्रमिलाबाईंना मात्र फार मोकळं वाटत होतं. इतकं मोकळं, की त्यांना राहवेना.

"पण काही म्हणा," नाना वाटी पुसत म्हणाले, "लाडू झाले होते छान. मी गेलो तेव्हा डबा अर्धाच भरलेला होता म्हणा. पाचोऱ्याच्या लोकांनीच कमी पाठवले असतील. पण डिंक कसा फुलला होता!"

"छान कसले? वेलदोडा जास्त पडला होता," प्रमिलाबाई म्हणाल्या.

दारातला डफसुद्धा थांबला.

"प्रमिला," धुरपदाआत्या हळू म्हणाल्या, "तुले कसं मालूम?"

माणसं ओळखण्यात हयात घालवलेल्या प्रमिलाबाईंना त्या क्षणी एका माणसाची ओळख नव्याने झाली. त्या माणसाला त्या अगदी घरातलं समजत होत्या. कानापासून गळ्यापर्यंत त्यांना उकडायला लागलं. छगनभाऊ त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. तीन वर्षांपूर्वी, लग्नाच्या गडबडीत, भाजी चाखायला म्हणून त्या आतल्या खोलीत...

"मी दिलता," झुलाल चटकन म्हणाला. "वहिनीले. चाखाले. एक."

तो खोटं बोलत होता, आणि किती सहज बोलत होता! प्रमिलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हा तेव्हा पडवीत झोपला आहे असं त्यांना वाटलं होतं. तो झोपला नव्हता. त्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि त्या दिवशी ओसरीवर त्यांनी त्याचं नाव घेतलं तेव्हाही माहीत होतं. त्यांचे डोळे भरून आले. खरं म्हणजे शरमेने आले.

"नाही," त्या म्हणाल्या. "यांनी नाही दिला. पहिल्यांदा गाठ मीच सोडली. भाऊजी, मला माफ करा. मीच खाल्ले. दोन."

"दोन?" नाना म्हणाले. "अर्धा डबा गेला होता!"

"बरं, चार."

"प्रमिला!" छगनभाऊ.

"थोडे सुकदेवसाठी बांधून घेतले," प्रमिलाबाई पदर पिळत म्हणाल्या. "थोडेच."

"मला एकही मिळाला नाही," सुकदेव म्हणाला.

यशोदाअक्का पुढे आल्या. त्यांनी नानांच्या हातातली वाटी घेतली, टोपली पालथी घातली, पदर खोचला आणि डोक्यावर चुंबळ ठेवली.

"बस करा आते बठ्ठाजन," त्या म्हणाल्या. "उठा. आखो जरासं खरं बोलत बसनात, तर माले बी काहीतरी याद यी."

कानबाई उठली. नानांनी पुढे होऊन नारळाला हात दिला, झुलालने केळीचा एक खांब खांद्यावर घेतला, त्याच्या पोरांनी दुसरा. गल्लीतून डफ निघाला. बायकांनी फुगड्या घातल्या, आणि प्रमिलाबाईंनी वच्छलाबाईंशीच फुगडी घातली, म्हणजे त्यांना कोणाशी बोलायला सवड मिळणार नाही.

पांझरेच्या काठाशी आल्यावर अक्कांची पावलं पुलाखाली सवयीने थांबली. डोक्यावर माउली होती, मान हलवता येत नव्हती, तरी त्यांनी डोळे वर करून कठड्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"काय पाहतेस वं, अक्का?" शेजारून झुलालने विचारलं आणि मोठ्ठा ढेकर दिला.